फेर धरणारी संख्या १,४२,८५७

एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न ही संख्या दिसायला अगदी साधी आहे. मला ती आधी मुळीच आवडली नव्हती. गुरुजींनी फळ्यावर तिचे गुणाकार घातले, आणि मी हातचा नेहमी विसरते.

२ ने गुणले की २८५७१४ येतात. ३ ने ४२८५७१. ४ ने ५७१४२८. ५ ने ७१४२८५. ६ ने ८५७१४२. आता नीट बघा बरं! सगळ्या उत्तरांत तेच सहा आकडे आहेत, आणि त्यांचा क्रमपण तोच आहे. भोंडल्याला आपण हात धरून फेर धरतो ना, तसा या आकड्यांनी फेर धरला आहे. कुणापासून मोजायला लागायचे तेवढेच बदलते.

४ चा गुणाकार मी केला तेव्हा माझे उत्तर ५७१२२८ आले. त्यात २ दोनदा आला आणि एक ४ पाहिजे तो गायब! म्हणजे कुठेतरी चुकले. परत करून पाहिले तर आठ चोक बत्तीसमध्ये हातचे २ मिळवायचे राहिले होते. गुरुजींना वही दाखवायच्या आधीच मी चूक दुरुस्त केली. असे पहिल्यांदाच झाले.

आकडे असा फेर का धरतात, ते भागाकारात कळते. १ ला ७ ने भागायचे. भाग जात नाही म्हणून शून्य घ्यायचे. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. ३० मध्ये ४ वेळा, बाकी २. २० मध्ये २ वेळा, बाकी ६. ६० मध्ये ८ वेळा, बाकी ४. ४० मध्ये ५ वेळा, बाकी ५. ५० मध्ये ७ वेळा, बाकी पुन्हा १! वर आले १४२८५७, आणि पुढे परत तेच. १ च्या ऐवजी २ ला भागले तर आपण याच फेरात मध्येच शिरतो, २० मध्ये २ वेळा, ६० मध्ये ८ वेळा. म्हणून दुपटीचे उत्तर २८ ने सुरू होते.

७ ने गुणले तर मात्र फेर मोडतो. सगळे नऊच, ९९९९९९.

नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५ ते १९८६) नावाचे शाळामास्तर होते. ते संख्यांचे वेडेच होते! त्यांनी एक गंमत शोधली. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग करून मिळवले की पुन्हा ४५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. आपली संख्यासुद्धा त्यातलीच आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. २०४०८ आणि १२२४४९ मिळवून पाहा. मी दोनदा मिळवले, हातचा न विसरता.

८ ने गुणले तर ११४२८५६ येतात. पुढचा १ काढून शेवटच्या ६ मध्ये मिळवला की फेर पुन्हा जुळला. ९ चा गुणाकार पालकांनी करायचा आहे. खाली दोरीला पेन्सिल बांधली आहे.