तेल लावल्याने केसांत ‘ओलावा’ राहतो का? एक पेपर वाचूया

सटाण्याचा एप्रिल म्हणजे कोरडी हवा आणि वर बोअरचं जड पाणी. कुरळे केस असतील तर त्यांचा पार काथ्या होतो. घरात, शेजारी, पार्लरमध्ये सल्ला एकच मिळतो: “तेल लाव, ओलावा टिकतो.” रिसर्चची तयारी करताय ना? मग या वाक्यातल्या ‘ओलावा’ या शब्दापाशी थांबा. हा मोजायचा कसा?

आधी केस समजून घेऊ. टाळूतून सुटणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. कुरळ्या केसात ते वळणावळणावर अडतं, म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडं. शिवाय केसावर कौलांसारखे खवले असतात आणि वळणाच्या जागी ते लवकर उचकटतात. बोटाला जो खरखरीतपणा लागतो तो बराचसा या उचकटलेल्या खवल्यांचा असतो.

आता पाणी. केस हवेतून पाणी घेतो आणि हवेलाच परत देतो. हवेची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास असेल तर केसात वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी असतं, पूर्ण भिजल्यावर ३० टक्क्यांच्या घरात जातं. पाणी वाढलं की केस किंचित लांबतोही. हे इतकं भरवशाचं आहे की १७८३ मध्ये द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक यंत्र मांडलं. म्हणजे केसात पाणी किती राहणार हे मुख्यतः गावची हवा ठरवते, बाटलीवरचं लेबल नाही.

मग तेल करतं काय? इथे आपल्याकडचाच एक पेपर कामाला येतो. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापली. केसांचे प्रकार अनेक, प्रक्रिया अनेक, त्यामुळे प्रयोगांची संख्या हाताबाहेर जात होती. ती आवरायला त्यांनी तागुची पद्धतीने प्रयोगांची आखणी केली. (डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स फक्त कारखान्यात वापरतात असं वाटत असेल तर हा पेपर जरूर बघा.) निष्कर्ष असा, की केसांतून निघून जाणारी प्रथिनं फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. बाकी दोन तेलांचा यात उपयोग दिसला नाही.

कारण रेणूंच्या रचनेत आहे. खोबरेलात मुख्यतः लॉरिक आम्ल. त्याची साखळी सरळ आणि आखूड, प्रथिनांशी जवळीक चांगली, म्हणून ते केसाच्या आत शिरतं. सूर्यफुलाच्या तेलातल्या लिनोलिक आम्लाला दुहेरी बंधांमुळे बाक येतो आणि रेणू अवजड होतो. मिनरल ऑइल हायड्रोकार्बन असल्याने त्याला प्रथिनांशी देणंघेणंच नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. आत शिरलेलं तेल पाण्याला अडवतं. धुताना केस कमी फुगतो, खवले कमी उचलले जातात, ओल्या केसात कंगवा फिरवताना ते कमी तुटतात. म्हणजे आपण ज्याला ‘ओलावा देणं’ म्हणतो, ते काम खोबरेल पाणी कमी आत घेऊ देऊन करतं! पेपरने प्रथिनांची झीज मोजली; ‘ओलावा टिकतो’ हे आपण नंतर चिकटवलं. लिटरेचर रिव्ह्यूत ही उडी फार सहज मारली जाते.

आता थोडा संशय. लेखक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे. त्यामुळे पेपर खोटा ठरत नाही, पण दुजोरा शोधावा लागतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या टीआरआय संस्थेतल्या संशोधकांबरोबर मास स्पेक्ट्रोमेट्री करून खोबरेल केसात शिरतं, मिनरल ऑइल शिरत नाही, असं दाखवलं गेलं. तंत्र वेगळं, प्रयोगशाळा वेगळी. पण लेखकांची यादी नीट वाचा: रेळे आणि मोहिले तिथेही आहेत. त्यामुळे याला पूर्णपणे स्वतंत्र दुजोरा म्हणता येत नाही, असं माझं मत.

व्यवहारात मी काय सांगेन? धुण्याआधी काही तास, शक्यतो रात्रभर, खोबरेल टोकांपर्यंत लावा. धुतल्यावर कंडिशनर वापरा, तो खवल्यांवर थर देऊन घर्षण कमी करतो. गुंता कंडिशनर असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने काढा, खालून वर. कुरळे केस कोरडे विंचरू नका.

आणि स्वतः तपासायचं असेल तर डोक्याची एकच बाजू निवडा, तीही नाणं उडवून. चार आठवडे फक्त त्या बाजूला तेल, बाकी शॅम्पू, पाणी, कंगवा सगळं तेच. दर वेळी विंचरताना तुटलेले केस दोन्ही बाजूंचे वेगळे मोजा. मऊपणाला गुण द्यायला मैत्रिणीला सांगा, पण तेल धुऊन निघाल्यावर, आणि तेल कुठल्या बाजूला होतं हे तिला कळू देऊ नका.