सामाईक कपाट आणि त्याच्या किल्ल्या

जानेवारी २०२४ पासून उरणची लोकल द्रोणागिरीला थांबू लागली आहे. स्थानकातून बाहेर पडून हमरस्त्याला लागलात, की कंटेनर वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर तुम्हांला एकामागून एक जाताना दिसतील. जवळच न्हावा शेवा येथे १९८९ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तेथे आणि आसपासच्या यार्डांत हजारो कंटेनर एकावर एक रचून ठेवलेले असतात. रंग निरनिराळे, पण घडण एकच. त्यांतून नेमका हवा तोच कंटेनर कसा शोधून काढत असतील?

मालाचा मालक काही "माझी ती निळी पेटी द्या" असे सांगत नाही. प्रत्येक कंटेनरला स्वतःचा क्रमांक असतो. तो कंटेनर कोणत्या विभागात, कितव्या रांगेत आणि कितव्या थरावर आहे, याची नोंद यार्डाच्या संगणकात असते. शिवाय पेटी सापडली, तरी ती बाहेर नेण्याचा अधिकार ज्याच्याकडे योग्य कागदपत्रे आहेत त्यालाच मिळतो. म्हणजे तीन गोष्टी झाल्या : जागा, क्रमांक आणि अधिकार. ऑनलाईन शिक्षणात फाईलींची जी सामाईक साठवण करतात, तीही याच तीन गोष्टींवर उभी असते. ती कशी, ते आज आपण पाहू.

साठ प्रती की एक?

समजा, तुमच्या वर्गात ६० विद्यार्थी आहेत आणि शिक्षकांना लंबकाच्या प्रयोगाची २० मेगाबाईटची चित्रफीत सर्वांना द्यायची आहे. ती प्रत्येकाला वेगवेगळी पाठविली, तर साठवणीला ६० × २० = १२०० मेगाबाईट जागा लागेल. वेळेचाही हिशेब करा. एक बाईट म्हणजे आठ बिट. म्हणून २० मेगाबाईट म्हणजे १६० मेगाबिट. शिक्षकांच्या फोनवरून सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने फाईल जात असेल, तर एकदा पाठविण्यास ८० सेकंद लागतील. साठ वेळा पाठविण्यास ४८०० सेकंद, म्हणजे १ तास २० मिनिटे! याउलट ती एकाच सामाईक जागी एकदाच ठेवली आणि विद्यार्थ्यांना फक्त तिचा पत्ता दिला, तर शिक्षकांचे काम दीड मिनिटाच्या आत संपते.

पण खरा फायदा याहून मोठा आहे. चित्रफितीत एखादी चूक निघाली, तर साठ प्रती दुरुस्त करणार कोण? प्रत एकच असेल, तर ती सुधारली की सर्वांना सुधारलेलीच दिसते.

कपाट कसे मांडतात?

ऑनलाईन वर्ग चालविण्यासाठी अनेक आज्ञावल्या आहेत. त्यांपैकी मूडल ही ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डूगियामास यांनी निर्माण केली. तिची पहिली आवृत्ती २००२ साली बाहेर पडली. ती विनामूल्य मिळते, आणि पवईच्या आयआयटीतही ती वापरली जाते. तिच्यातील सामाईक कपाटाची मांडणी पाहा.

ज्या संगणकावर मूडल चालते, त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हरवर मूडलच्या सामग्रीसाठी राखलेल्या जागेत 'रिपॉझिटरी' नावाचा एक फोल्डर करतात. त्याच्या आत विषयवार फोल्डर करतात; उदाहरणार्थ, 'पदार्थविज्ञान'. नंतर मूडलची व्यवस्था पाहणारी व्यक्ती 'फाईल सिस्टिम' नावाची सोय चालू करते, तिला या फोल्डराशी जोडते आणि ती कोणत्या वर्गांना उपलब्ध असावी हे ठरविते. एवढे झाले, की शिक्षकांना आपल्या वर्गाच्या पानावरून त्या कपाटातील फाईल निवडता येते.

निवडताना मूडल एक महत्त्वाचा प्रश्न विचारते : फाईलीची नवी प्रत करायची, की मूळ फाईलीकडे नेणारी केवळ वाट दाखवायची? प्रत केली, तर मूळ फाईल पुढे बदलली तरी प्रत जुनीच राहते. वाट दाखविली, तर मूळ फाईलीतील प्रत्येक बदल सर्व वर्गांत दिसतो. प्रयोगाची कृती सर्व तुकड्यांना एकच हवी, तेव्हा वाट बरी. मागील वर्षीची प्रश्नपत्रिका जशीच्या तशी राहावयास हवी, तेव्हा प्रत बरी.

फाईलीच्या बोटांचा ठसा

आता क्रमांकाकडे वळू. तुम्ही फाईलीला 'प्रयोग एक' असे नाव देता. तुमचा मित्रही तेच नाव देतो. मग गोंधळ का होत नाही? मूडल तुम्ही दिलेले नाव आपल्या नोंदवहीत लिहून ठेवते, पण प्रत्यक्ष फाईल त्या नावाने ठेवतच नाही. ती फाईलीच्या आतील मजकुरावरून गणिताने एक ४० चिन्हांचा ठसा काढते, आणि तोच फाईलीचा खरा क्रमांक ठरतो.

मजकुरावरून क्रमांक काढायचा म्हणजे काय, हे कंटेनरवरूनच समजून घेऊ. कंटेनरच्या क्रमांकात चार रोमन अक्षरे, सहा अंक आणि शेवटी चौकटीत एक अंक असतो. हा शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून काढलेला असतो. त्याला तपासणी अंक म्हणू. सी, एस, क्यू, यू आणि ३०५४३८ असा क्रमांक घ्या. अक्षरांना ठरावीक किमती आहेत : ए म्हणजे १०, आणि पुढे क्रमाने, मात्र ११, २२ व ३३ वगळून. त्यानुसार आपल्या चार अक्षरांच्या किमती १३, ३०, २८ व ३२ येतात. आता दहा किमतींना क्रमाने १, २, ४, ८ असे दुप्पट करीत ५१२ पर्यंतच्या संख्यांनी गुणून बेरीज करा. ती ६१८५ येते. तिला ११ ने भागल्यास बाकी ३ उरते. तपासणी अंक ३.

समजा, कारकुनाने घाईत ५ आणि ४ यांची अदलाबदल करून ३०४५३८ लिहिले. बेरीज ६२४९ होईल आणि बाकी १ उरेल. पेटीवर तर ३ आहे! चूक तेथेच पकडली जाते.

फाईलीचा ठसा याच कल्पनेचे पुढचे रूप आहे. मजकुरातील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा पार बदलून जातो. त्यातील प्रत्येक चिन्ह सोळांपैकी एक असते. म्हणून एकूण ठसे १६ चा ४० वा घात, म्हणजे सुमारे १.४६ × १०^४८ इतके होतात. दोन निराळ्या फाईलींचा ठसा योगायोगाने सारखा येण्याची भीती म्हणूनच नगण्य असते. मात्र २०१७ साली संशोधकांनी मुद्दाम खटपट करून सारखा ठसा असलेल्या दोन भिन्न फाईली बनवून दाखविल्या. त्यामुळे सुरक्षिततेच्या कामी आता याहून लांब ठसे वापरतात.

या ठशाची पहिली दोन चिन्हे म्हणजे फोल्डरचे नाव आणि पुढची दोन म्हणजे त्याच्या आतील फोल्डरचे. यार्डातील विभाग आणि रांगच जणू! साठ जणांनी तंतोतंत तीच आकृती जमा केली, तर साठांचा ठसा एकच येतो आणि मूडल एकच फाईल ठेवते. नोंदवहीत मात्र साठ नोंदी होतात.

किल्ली कोणाच्या हाती?

जागा झाली, क्रमांक झाला. उरला अधिकार, आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात. माझीच एक चूक सांगतो.

२०२० साली महाविद्यालये बंद असताना मी विद्यार्थ्यांना घरी दोरा आणि दगड घेऊन लंबकाचा प्रयोग करावयास सांगितले. निरीक्षणे लिहिण्यासाठी एक सामाईक तक्ता केला आणि त्याचा पत्ता सर्वांना धाडला. अधिकार ठरविताना फार विचार न करता मी 'सर्वांना बदल करता येईल' हा पर्याय निवडला. करंजा कोळीवाड्यातील एका मुलीच्या घरी एकच फोन होता, तोही वडिलांचा. वडील होडीवरून परतले, की रात्री तासभर तो तिला मिळे. तेवढ्या वेळात तिने तीन दिवस निरीक्षणे भरली. दोरा एक मीटर, वीस आंदोलनांना सुमारे चाळीस सेकंद. आकडे उत्तम होते. चौथ्या दिवशी तक्ता कोरा! कोणाच्या तरी बोटाने सारे निवडले गेले आणि पुसले गेले. प्रत एकच होती, म्हणून ती सर्वांसाठीच नाहीशी झाली.

मुलीला वाटले, आपल्याच हातून बिघडले. तिने मला काही न सांगता दगड-दोरा घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. मला दोन दिवसांनी कळले. सुदैवाने तक्त्याच्या जुन्या आवृत्त्या साठविलेल्या होत्या. आधीच्या रात्रीची आवृत्ती परत आणली आणि तिचे सगळे आकडे जागच्या जागी मिळाले. चूक पुसणाऱ्या बोटाची नव्हती. प्रत्येकाच्या हाती सर्व किल्ल्या देणाऱ्याची होती.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो : ज्याचे जेवढे काम, तेवढाच अधिकार. प्रयोगाची कृती सर्वांनी फक्त पाहावी. मसुद्यावर शेरा लिहावा, पण मजकूर बदलू नये. गटाच्या तक्त्यात गटानेच बदल करावा. आणि प्रत्येकाची प्रयोगवही ही त्याची स्वतःची प्रत असावी, जी तो विद्यार्थी आणि शिक्षक यांनाच दिसेल. मूडलमध्ये गृहपाठ जमा करण्याची सोय सामान्यतः अशीच चालते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सामाईक ठेवणे म्हणजे सुरक्षित ठेवणे नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी सर्व्हर तळमजल्यावर असेल, तर त्यातील एकुलत्या एका प्रतीचे काय होईल? म्हणून जाणकार सांगतात : महत्त्वाच्या फाईलीच्या तीन प्रती ठेवा, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी. वाचण्यासाठी वाट एक असावी, जपण्यासाठी प्रती अनेक असाव्यात.

करून पाहा

रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभे राहून एखाद्या कंटेनरचा क्रमांक टिपून घ्या आणि वरील रीतीने तपासणी अंक काढा. बाकी १० आली, तर ० लिहितात हे ध्यानात ठेवा. उत्तर चौकटीतील अंकाशी जुळले नाही, तर आधी आपली टिपणी तपासा. बहुधा चूक तेथेच सापडेल. नंतर तुमच्या वर्गाचा सामाईक फोल्डर उघडा आणि प्रत्येक फाईलीपुढे लिहून काढा : ती कोणाला दिसते, कोणाला बदलता येते, आणि आज पुसली गेली तर दुसरी प्रत कोठे आहे. ही यादी शिक्षकांना दाखवा. एखाद्या फाईलीपुढची जागा कोरी राहिली, तर त्यांना ती आजच कळलेली बरी.