पोर्ट मोरांटची लाकडी भट्टी

भट्टी म्हटली की तांबं आलंच. स्कॉटलंडची व्हिस्की तांब्याच्या भांड्यात गाळतात, जमैकाची रमही. आपल्या गोव्यात फेणीचं भाण पूर्वी मातीचं असे, आता तेही तांब्याचं झालं. गयानात मात्र, जॉर्जटाऊनच्या दक्षिणेला डेमेरारा नदीकाठी असलेल्या डायमंड डिस्टिलरीत, रम अजून लाकडी भांड्यांत गाळली जाते. अशा तीन लाकडी भट्ट्या तिथे चालू आहेत. त्यांतली पोर्ट मोरांट नावाची जोडभट्टी हा या लेखाचा खरा विषय.

संपादकांनी सांगितलं होतं वेगळंच. कॅरिबियन रम शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या आणि फरक सांगायचा. आपल्याकडे रम म्हणजे ओल्ड मंक, तीही कोलात बुडवलेली; त्यामुळे एकाच उसातून किती निरनिराळ्या चवी निघतात याची कल्पनाच नसते. चार ग्लास मांडले. हलकी आधी, जड शेवटी, हा क्रम पाळावाच लागतो, नाहीतर जमैकाची एक रम बाकीच्या तिघींना झाकून टाकते.

पहिली बार्बाडोसची, फोरस्क्वेअरची. भांड्यातली आणि उभ्या स्तंभातली अशी दोन प्रकारची गाळणी एकत्र करून पिंपात मुरवलेली; स्वच्छ, नेटकी, वरून साखर अजिबात नाही. दुसरी मार्टिनिकची. ती मळीची नव्हे, ताज्या उसाच्या रसाची असते आणि 1996 पासून तिला फ्रेंच कायद्याचं मानांकन आहे. नाकाशी नेली की रसवंतीगृहातला चरक आठवतो. मग जमैकाच्या हॅम्पडेन मळ्याची. तिथे हवेतल्या जंगली यीस्टवर मळीचं रसायन कितीतरी दिवस आंबू देतात, आधीच्या गाळणीचा उरलेला आंबट गाळही त्यात घालतात. त्यातून तयार होणाऱ्या एस्टर या वासाच्या द्रव्यांमुळे काळवंडलेल्या केळ्याचा, अननसाचा आणि नेलपॉलिशचा वास एकदमच येतो. काहींना तो पहिल्या घोटात नकोसा वाटतो. मला तो फार आवडतो.

चौथा ग्लास पोर्ट मोरांटचा, आणि तिथे मी अडकलो. आधी बडीशेप, मागोमाग ज्येष्ठमध, मग मनुका, आणि शेवटी ओल्या लाकडाचा कडवट, रेंगाळणारा वास. गोडवा जवळजवळ नाही. हे सगळं फक्त मुरवण्याच्या पिंपातून येत नाही. याच भट्टीची न मुरवलेली, पाण्यासारखी पांढरी रमही बाजारात मिळते, आणि बडीशेप तिच्यातही ठळक असते. म्हणजे चवीचं मूळ भट्टीतच आहे.

ही भट्टी म्हणजे ग्रीनहार्ट या गयानातल्याच झाडाच्या जाड फळ्या उभ्या जोडून, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली दोन भांडी. हे लाकूड इतकं घट्ट की पाण्यात बुडतं, आणि पाण्याने सहजी कुजतही नाही. लाकडाखाली जाळ लावता येत नाही, म्हणून आत वाफ सोडतात. पहिल्या भांड्यात मळीचं आंबवलेलं रसायन तापतं. त्याची वाफ तांब्याच्या मानेतून दुसऱ्या भांड्यात शिरते आणि तिथल्या कच्च्या दारूला उकळी आणते. म्हणजे एका फेरीत दोनदा गाळणी होते. तांबं रसायनातली गंधकयुक्त द्रव्यं पकडून ठेवतं. इथे तांबं फक्त मानेत आणि पुढच्या नळ्यांत असल्यामुळे बरीच जड द्रव्यं पुढे निसटतात. शिवाय लाकूड सच्छिद्र. तांब्यासारखं ते घासूनपुसून कोरं होत नाही, आधीच्या गाळण्यांचं काहीतरी त्यात मुरलेलं राहतं.

या भट्टीच्या नावासोबत 1732 हे साल सांगितलं जातं. ते साल पोर्ट मोरांट या उसाच्या मळ्याचं. भट्टीच्या फळ्या झिजल्या की बदलाव्या लागतात, त्यामुळे आजचं लाकूड अठराव्या शतकातलं आहे असं कोणी समजू नये. टिकून राहिली आहे ती घडण, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. मूळ मळ्यातली डिस्टिलरी बंद झाल्यावर ही भट्टी एका मळ्यातून दुसऱ्यात फिरत अखेर 2000 च्या सुमारास डायमंडला आली. तिच्या शेजारी व्हर्साय मळ्याची एकभांडी भट्टी आहे आणि एन्मोरची, 1880 सालची म्हणून सांगितली जाणारी, लाकडी स्तंभभट्टी. ब्रिटिश नौदल आपल्या खलाशांना रोज रमचा घोट देत असे. 31 जुलै 1970 रोजी ती प्रथा संपली. नौदलाच्या त्या रमच्या मिश्रणात डेमेराराच्या जड रमचा मोठा वाटा होता.

आणि पोर्ट मोरांट हे नाव मराठी क्रिकेटवेड्यांनी तर विसरूच नये. रोहन कन्हाय या मळ्यातला. 1958-59 च्या दौऱ्यात ईडन गार्डन्सवर 256 धावा काढणारा हा फलंदाज भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचा वंशज. सुनील गावस्करांनी आपल्या मुलाचं नाव त्याच्यावरून रोहन ठेवलं. बेसिल बुचर आणि जो सॉलोमनही इथलेच. 1838 ते 1917 या काळात सुमारे 2 लाख 39 हजार भारतीय मजूर ब्रिटिश गयानात गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. मळी त्यांच्या घामातून आली, हे रमच्या चकचकीत माहितीपत्रकांत क्वचितच वाचायला मिळतं.

आता काळजीचं. गयानाची साखर आटते आहे. या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला तीन लाख टनांहून जास्त साखर निघत होती. 2022 मध्ये ती पन्नास हजार टनांच्याही खाली गेली. आपल्याकडचा एकच मोठा कारखाना एका हंगामात याहून जास्त काढतो. 2016-17 मध्ये वेल्स, एन्मोर, रोझ हॉल आणि स्केल्डन हे कारखाने बंद केले गेले आणि हजारो कामगार घरी बसले. रोझ हॉल पुढे पुन्हा सुरू करण्यात आला. साखर कमी म्हणजे मळी कमी, आणि डायमंड डिस्टिलरी चालवणाऱ्या कंपनीवर मळी बाहेरून मागवण्याची वेळ आली. त्यात 2015 मध्ये समुद्रात तेल सापडलं, 2019 च्या डिसेंबरात उपसा सुरू झाला. तेलाचा पगार समोर असताना ऊस तोडायला किंवा ग्रीनहार्टच्या फळ्या तासायला तरुण पोरं का यावीत?

दुसरी अडचण कंपनीच्या हातातली आहे. तिच्या ‘एल डोराडो’ या प्रसिद्ध रममध्ये वर्षानुवर्षं साखर मिसळली गेली. स्वीडन आणि फिनलंडच्या सरकारी मद्यविक्री संस्थांनी मोजमाप केलं तेव्हा पंधरा वर्षं मुरवलेल्या रममध्ये लिटरमागे तीस ग्रॅमच्या आसपास साखर निघाली. जमैका आणि बार्बाडोसच्या गाळणाऱ्यांना हे खटकतं, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. जी भट्टी जगात दुसरीकडे नाही, तिची चव साखरेखाली दडवायची कशाला? अलीकडे कंपनी पोर्ट मोरांट, व्हर्साय आणि एन्मोर यांच्या रम वेगवेगळ्या, पाणी न घालता बाटलीत भरू लागली आहे. त्या महाग आहेत, पण भट्टीची खरी ओळख त्यांतूनच होते.

परदेशातून कोणी काय आणू असं विचारलं, तर लेबलावर पोर्ट मोरांटचं नाव आणि गाळणीचं साल असलेली बाटली सांगा. कोला बाजूला ठेवा, चार थेंब साधं पाणी घाला, आणि तिच्या शेजारी जमैकाची एखादी रम ओतून दोन्ही आलटूनपालटून चाखा.