कायद्याची फूटपट्टी (लेखांक ६) : सोळा इंचांच्या अलीकडे

मोटारीच्या काचेतून किती टक्के प्रकाश आत यायला हवा, यावरून आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला वाद गेल्या आठवड्यात पाहिला. या आठवड्याची फूटपट्टी अमेरिकेतली आहे आणि ती लावली जाते बंदुकीच्या नळीला.

खांद्याला टेकवायचा दस्ता असलेल्या रायफलची नळी १६ इंच किंवा त्याहून लांब असेल, तर अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत ती विकत घेणे हे तासाभराचे काम असते. फॉर्म ४४७३ भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासून घेतो, पैसे चुकते करायचे आणि रायफल घरी न्यायची. आता कारखाना तोच, काडतूसही तेच, पण नळी साडेपंधरा इंचांची. एवढ्यावरून ती रायफल कायद्याच्या दृष्टीने मशिनगन, सायलेन्सर आणि हातबॉम्ब यांच्या पंगतीला जाऊन बसते. तिचे सरकारी नाव ‘शॉर्ट बॅरल्ड रायफल’, शौकिनांच्या तोंडी नुसते ‘एसबीआर’. नळी आखूड असो वा लांब, एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी भरली तरी हाच शिक्का बसतो. शॉटगनसाठी नळीची मर्यादा १८ इंच.

मोजायची रीतही ठरलेली आहे. बोल्ट बंद करायचा, नळीच्या तोंडातून काठी आत सोडायची, ती बोल्टला टेकली की तोंडाशी खूण करायची आणि काठी बाहेर काढून मोजायची. अमेरिकी लष्कराच्या एम-४ कार्बाइनची नळी साडेचौदा इंचांची असते. तशीच रायफल हवी असलेले हौशी लोक नळीच्या टोकाला एक तुकडा कायमचा वेल्ड करून उरलेला दीड इंच भरून काढतात. गोळीला त्या दीड इंचाचा फारसा उपयोग नसतो, मालकाला मात्र असतो.

हा आकडा आला कुठून, हे समजण्यासाठी १९३४ सालात जावे लागते. शिकागोत १९२९ मध्ये व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी टोळीयुद्धात सात जणांना भिंतीला उभे करून मारले गेले होते. फेब्रुवारी १९३३ मध्ये मायामीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, शिकागोचे महापौर अँटन सर्मॅक दगावले. या वातावरणात अ‍ॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी ‘नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट’चा मसुदा पुढे आणला. सरसकट बंदी घटनेच्या कसोटीवर टिकेल की नाही याची शंका होती, म्हणून कर लावायचा मार्ग निवडला गेला. प्रत्येक हस्तांतराला २०० डॉलर. टॉमी गन म्हणून गाजलेल्या मशिनगनची त्या काळी किंमतच साधारण तेवढी होती. आजच्या हिशेबात ही रक्कम साडेचार हजार डॉलरच्या पुढे जाते. कर वसूल करण्यापेक्षा खरेदीच होऊ नये हा हेतू उघड होता.

मूळ मसुद्यात पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरही होते. त्यांच्यावर एवढे बंधन घातले, तर लोक लांब बंदुकाच नळी कापून अंगरख्याखाली लपवतील, अशी भीती होती. त्यासाठी आखूड नळीचे कलम. पुढे विरोधामुळे पिस्तुले मसुद्यातून वगळली गेली, पण त्यांच्या राखणीला ठेवलेले कलम तसेच राहिले. परिणाम असा की, खिशात मावणारे पिस्तूल सहज मिळते आणि साडेपंधरा इंच नळीच्या रायफलला मात्र संघराज्य सरकारच्या नोंदवहीत नाव घालावे लागते. रायफलची मर्यादा तेव्हा १८ इंच होती, १९६० मध्ये ती १६ वर आणली गेली. म्हणजे फूटपट्टीवरची खूणसुद्धा काही दगडावरची रेघ नव्हती.

आता खरेदीच्या वाटा पाहू. दोन आहेत. तयार एसबीआर दुकानातून घ्यायची असेल तर ‘फॉर्म ४’, स्वतःकडच्या रायफलची नळी आखूड करायची असेल तर ‘फॉर्म १’. दोन्हींत बोटांच्या ठशांची दोन कार्डे, दोन इंच बाय दोन इंच फोटो आणि अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाला. अर्ज जातो एटीएफ या खात्याकडे, म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटके यांचा कारभार पाहणाऱ्या संघराज्य यंत्रणेकडे. असे अर्ज पाहणारा तिचा विभाग वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावात आहे. मंजुरी आली की अर्जावर मुद्रांक लागतो. ‘स्टॅम्प आला का?’ हा या मंडळींचा एकमेकांना नेहमीचा प्रश्न.

फॉर्म ४ ची मेख अशी की पैसे आधी आणि माल नंतर. रायफलची पूर्ण किंमत दुकानदाराकडे जमा, रायफल दुकानदाराच्याच तिजोरीत, आणि मालक तिला फार तर भेटायला जाऊ शकतो. २०२२-२३ च्या सुमारास या वाटेवर आठ-दहा महिने सहज जात. ऑनलाइन अर्जांची घडी बसल्यावर २०२४ मध्ये काहींना काही दिवसांतच मंजुरी मिळू लागली. दोन्ही अनुभव खरे, आणि आपल्या वाट्याला कोणता येईल हे अर्ज करताना कोणालाच ठाऊक नसते. अडकून पडलेले पैसे आणि गेलेले महिने कोणत्याही पावतीवर दिसत नाहीत.

एसबीआर परराज्यातून येत असेल तर गुंता वाढतो. ती थेट घरी येत नाही. आधी आपल्या राज्यातल्या खास परवानाधारक दुकानदाराकडे येते, मग त्याच्याकडून फॉर्म ४ वर गिऱ्हाइकाकडे. दोन्ही टोकांना असे दुकानदार असतील तर त्यांच्यातला व्यवहार करमुक्त. पण विकणारा परराज्यातला एखादा सामान्य मालक असेल, तर कर दोनदा भरावा लागे: एकदा दुकानदाराकडे येताना, एकदा दुकानदाराकडून जाताना. शिवाय दुकानदाराचा मेहनताना वेगळा. त्यालाही हा धंदा करण्यासाठी नेहमीच्या परवान्याखेरीज दरवर्षी ५०० डॉलरचा विशेष कर भरावा लागतो. तो कुठून तरी वसूल होणारच.

फॉर्म १ वाल्याची वेगळीच कथा. रायफल त्याच्या घरातच असते, पण मंजुरीआधी तिला आखूड नळी बसवली तर तो गुन्हेगार. मंजुरी आली की कायद्याने तो ‘उत्पादक’ ठरतो, आणि उत्पादकाने आपले नाव, गाव आणि राज्य बंदुकीवर कोरलेच पाहिजे. किती खोल? इंचाचा तीन सहस्रांश. अक्षरे किती मोठी? इंचाचा सोळावा भाग. हे काम घरच्या खिळ्याने होत नाही. लेसरवाल्याकडे जावे लागते, त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि कोरलेले पुसता येत नाही. लग्नात आलेल्या पातेल्यावर दुसऱ्याचे नाव असले की ते कायम दुसऱ्याचेच वाटते. कोणा अनोळखी माणसाचे नाव-गाव कोरलेली रायफल पुढे विकायला काढली की तिचे गिऱ्हाईकही तसेच नाक मुरडते.

याहून सूक्ष्म खर्च घरातल्या माणसांचा. एसबीआर ज्याच्या नावावर, ताबा त्याचाच. नवरा गावाला गेला आहे आणि तिजोरीचा आकडा बायकोला माहीत आहे, एवढ्यावरून ‘ताबा तिचा का?’ असा प्रश्न उभा राहू शकतो. यावर वकिलांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘गन ट्रस्ट’. बंदुकीची मालकी ट्रस्टची, घरातली माणसे विश्वस्त. तयार नमुना घेतला तर शंभरेक डॉलर, वकिलाकडून बांधून घेतला तर काही शे. ट्रस्टचे आणखी एक आकर्षण होते. पूर्वी व्यक्तीच्या अर्जावर पोलीसप्रमुखाची सही लागे आणि कित्येक शेरीफ ती द्यायला साफ नकार देत; ट्रस्टला ती अट नव्हती. जुलै २०१६ मध्ये नियम बदलला. सहीची अट गेली, नुसती प्रत पाठवणे आले, पण त्याबरोबर ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार माणसाला ठसे आणि फोटो द्यावे लागू लागले. पाच विश्वस्त असतील तर ठशांची दहा कार्डे.

प्रवासालाही फॉर्म आहे. रायफल दुसऱ्या राज्यात शिकारीला न्यायची किंवा घरच हलवायचे, तर आधी ‘फॉर्म २०’ वर परवानगी काढावी लागते. आणि वाटेतली राज्ये? कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत सामान्य नागरिकाला एसबीआर बाळगताच येत नाही, संघराज्य सरकारचा मुद्रांक खिशात असला तरी. नोकरीनिमित्त टेक्ससहून न्यू जर्सीला जाणाऱ्याला ती आधी विकावी लागते किंवा मागे परवाना असलेल्या ठिकाणी ठेवून यावी लागते.

चूक झाली तर दहा वर्षांपर्यंत कैद. हे कलम किती जड आहे याचा दाखला आयडाहोतल्या रुबी रिजचा आहे. रँडी वीव्हर या माणसावर सरकारी खबऱ्याला दोन नळी कापलेल्या शॉटगन विकल्याचा आरोप होता. तो न्यायालयात हजर राहिला नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये त्याच्या डोंगरावरच्या घराला अकरा दिवस वेढा पडला आणि त्यात त्याची पत्नी, चौदा वर्षांचा मुलगा आणि एक मार्शल असे तिघे मेले. पुढल्या वर्षी ज्यूरीने बंदुकांच्या आरोपातून वीव्हरची सुटका केली, हजर न राहिल्याबद्दल दोषी धरले. १९९५ मध्ये सरकारने कुटुंबाला ३१ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. वेढ्याचे कारण निव्वळ नळीची लांबी नव्हते, पण सुरुवात तिथून झाली होती.

त्याच १९९२ सालचा दुसरा खटला मात्र जवळजवळ विनोदी आहे. न्यू हॅम्पशायरच्या थॉम्पसन/सेंटर कंपनीचे ‘कंटेंडर’ नावाचे दहा इंच नळीचे पिस्तूल होते. त्याबरोबर कंपनीने एक संच काढला: २१ इंचांची नळी आणि खांद्याचा दस्ता. लांब नळी व दस्ता जोडला तर साधी रायफल. पण दस्ता जोडला आणि नळी छोटीच ठेवली तर एसबीआर. खात्याचे म्हणणे पडले की, तसे जोडता येते एवढ्यावरूनच कर लागू होतो. कंपनीने एका नगावर २०० डॉलर भरले आणि ते परत मिळावेत म्हणून दावा ठोकला. दोनशे डॉलरचा हा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि कंपनी पाच विरुद्ध चार मतांनी जिंकली. कलम संदिग्ध आहे, दंडाच्या कायद्यातल्या संदिग्धतेचा फायदा नागरिकाला, असा निकालाचा आधार होता.

संदिग्धता एवढ्याने संपली असती तर बरे होते. २०१२ मध्ये एका माजी सैनिकाने, अपंग सहकाऱ्याला एका हाताने पिस्तूल धरता यावे म्हणून, मनगटाला बांधायचा ‘ब्रेस’ तयार केला. हा दस्ता नाही, असे एटीएफने लेखी कळवले. लोकांनी तो लाखोंनी घेतला आणि मनगटाऐवजी खांद्याला टेकवायला सुरुवात केली. जानेवारी २०२३ मध्ये खात्याने नियम फिरवला: अशी बहुतेक पिस्तुले आता एसबीआर, नोंदणीला ३१ मेपर्यंत मुदत, या मुदतीत कर माफ. खात्याच्याच अंदाजाने अशी किमान तीस लाख पिस्तुले होती. अर्ज आले अडीच लाखांच्या आसपास. जून २०२४ मध्ये टेक्ससच्या संघराज्य न्यायालयाने तो नियमच रद्द केला. नियम पाळून ज्यांनी ठसे दिले त्यांची नावे नोंदवहीत चढली, आणि ज्यांनी दुर्लक्ष केले त्यांचे काहीच बिघडले नाही. कायदा पाळणाऱ्याला इतके खुळे ठरवणारा प्रसंग या कायद्याच्या इतिहासात दुसरा सापडणे कठीण.

आणि आता ताजी गोष्ट. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या मोठ्या करविधेयकात एसबीआर, आखूड शॉटगन आणि सायलेन्सर यांच्यावरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. मशिनगनवर तो २०० डॉलरच आहे. मात्र अर्ज, ठसे, फोटो, कोरीवकाम, फॉर्म २० आणि दहा वर्षांची शिक्षा यांतले काहीही हटलेले नाही. बंदूक-हक्कवाल्या संघटनांनी लगेच न्यायालय गाठले. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा ‘कर’ म्हणून वैध ठरवला होता. कर शून्य असेल तर नोंदणी कशाची, असा त्यांचा सवाल आहे. सवाल बिनतोड वाटतो. नव्वद वर्षे कर हे निमित्त होते आणि कामाची गोष्ट होती ती नोंदवही, हे या बदलाने उघडे पडले.

आपल्याकडे हा प्रश्न असा उद्भवत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे सहावे कलम विनापरवाना नळी आखूड करायलाच मनाई करते, आणि परवान्याशिवाय साधी रायफलही घेता येत नाही.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी एक सूचना. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला तिथे साधी बंदूक बाळगणेही संघराज्य कायद्याने मना आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. ग्रीन कार्ड असेल तर ही आडकाठी नाही. म्हणून कोणी मित्र नेमबाजीच्या मैदानावर आपली एसबीआर कौतुकाने हातात देऊ लागला, तर ती घेण्याआधी आपल्या व्हिसाचा प्रकार आणि त्या राज्याचा कायदा पाहून घ्यावा.