धुपाटणे गेले, फुलदाण्या राहिल्या

चीनमधल्या युशानच्या झांग वेनजिन नावाच्या भाविकाने १३५१ साली देवळात एक धुपाटणे आणि फुलदाण्यांची जोडी वाहिली. मागणे कुणीही संसारी माणूस मागेल तेच: घरादाराचे रक्षण व्हावे, मुलाबाळांना सुख लाभावे. आपल्याकडे समईवर किंवा देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरतात ना, तसे त्याने आपले नाव, गाव, वर्ष आणि महिना फुलदाण्यांच्या मानेवर, केळीच्या पानांच्या नक्षीत निळ्या अक्षरांत लिहवून घेतले. आपल्या म्हणीत सगळे जाऊन हाती धुपाटणे उरते. इथे नेमके धुपाटणेच हरवले.

फुलदाण्या दोन फुटांहून थोड्या उंच, चिनी मातीच्या, जिंगदेझन गावी घडवलेल्या. पोटावर ढगांतून झेपावणारा ड्रॅगन, मानेला हत्तीच्या तोंडाचे कान. त्या कानांतल्या कड्या केव्हाच गेल्या. निळा रंग कोबाल्टचा, आणि तो इराणकडून येई. चितारी तो कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावर लावतो. कोरडी माती टिपकागदासारखी रंग शोषून घेते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. शिवाय लावताना रंग काळपट दिसतो. वरून झिलई चढवून भांडे सुमारे १,३०० अंश सेल्सिअसला भाजले, की मग निळाई उघडते. म्हणजे ड्रॅगनचा एकेक खवला चिताऱ्याने अंदाजानेच रंगवला.

तरी या जोडीचे खरे मोल मानेवरच्या त्या मजकुरात आहे, असे मला वाटते. असे उत्तम निळे-पांढरे काम १३६८ नंतरच्या मिंग राजवटीतलेच, असा जाणकारांचा समज होता. १९२९ साली ब्रिटिश म्युझियमच्या हॉब्सन यांनी या लेखाकडे लक्ष वेधले, तरी फारसे कुणी मनावर घेतले नाही. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकन अभ्यासक जॉन पोप यांनी याच तारखेच्या आधारे इतर भांड्यांचे वय ठरवले. एका बापाच्या प्रार्थनेने कलेच्या इतिहासाचे कालमापन बदलले.

जोडी पुढे फुटली आणि इंग्लंडमध्ये दोन वेगळ्या संग्राहकांकडे गेली. त्यांतले एक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. (मुंबईचे गव्हर्नर नव्हेत, ते शंभर वर्षे आधीचे.) दोन्ही मिळवून जोडी पुन्हा जुळवली ती मात्र मुंबईकराने. पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. वडील सर ससून डेव्हिड बगदादी ज्यू, कापडाच्या धंद्यातले मोठे नाव आणि बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. ती वडिलोपार्जित संपत्ती मुलाने चिनी मातीत घातली, शब्दशः. सुमारे १,७०० वस्तूंचा त्यांचा संग्रह २००९पासून ब्रिटिश म्युझियमच्या ९५ क्रमांकाच्या दालनात आहे, आणि २०२४ साली तो संग्रहालयाला कायमचा देण्याचे जाहीर झाले. मानेवर नाव झांगचे. जग म्हणते ‘डेव्हिड फुलदाण्या’.

तुमच्या घरी पणजोबांनी आणलेली फुलदाणी असेल, तर तळावरच्या शिक्क्यावर एकदम विसंबू नका. जुन्या सम्राटांची नावे पुढच्या कारागिरांनी आदरापोटी घातली आहेत, तशी फसवण्यासाठीही. ती फुलदाणी कधी, कुठून आणली हे थोरामोठ्यांना आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. फुलदाणीवर मात्र काही लिहू नका.