दागिन्यावरचा नंबर तपासला का?

परवा आईसोबत सोलापूरच्या सराफ बाजारात गेलो होतो. ताईच्या लग्नाच्या बांगड्या, आईची वर्षानुवर्षांची बचत! सोनं खरं हे ठरवतं कोण?

बीआयएस ही सरकारी संस्था हे काम मान्यताप्राप्त, बहुतेक खासगी, हॉलमार्किंग केंद्रांकडून करून घेते. यंत्रं, माणसं केंद्राची. नियम आणि नोंदी बीआयएसच्या. पण केंद्राची फी भरतो सराफच. म्हणून शेवटची तपासणी आपली.

दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. सराफ, केंद्र, शुद्धता, दागिन्याचा प्रकार, सगळं दिसतं. हातात बांगडी आणि स्क्रीनवर अंगठी दिसली, तर पैसे द्यायच्या आधीच थांबा!