प्रतापनगर ते गरुडेश्वर : चाकांवरच्या घरातला एक दिवस

पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आत येणं तिला शक्यच नव्हतं. आधीच तिची उंची जास्त, त्यात विजेच्या तारा खाली लोंबलेल्या आणि दोन्ही बाजूंनी स्कूटर लावलेल्या. सासूबाई माझा हात धरून गल्लीभर चालत आल्या, गाडीच्या दारापाशी थांबल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "अगं, या घराला उंबरा केवढा उंच!" पायरी जमिनीपासून खरंच खूप वर होती. यजमान धावत घरी गेले आणि पूजेचा नाही, जेवायचा जुना सागवानी पाट घेऊन आले. तो मध्ये ठेवला आणि एकोणऐंशी वर्षांच्या आई घरात शिरल्या. पुढे दिवसभर तो पाट आमच्या सामानातली सगळ्यात उपयोगी वस्तू ठरला.

अमेरिकेत अशा गाडीला आरव्ही म्हणतात, इंग्लंडमध्ये मोटरहोम आणि आपल्या सरकारी कागदांत कॅरॅव्हॅन. झोपायला बर्थ, छोटा ओटा, फ्रिज, पंखा आणि एका कोपऱ्यात संडास-न्हाणी असं ते चाकांवरचं घर. न्यू जर्सीला राहणारे धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची नऊ वर्षांची लेक गेल्या मार्गशीर्षात बडोद्याला आले होते. तिकडे त्यांनी अशा सहली केलेल्या. आईंना दत्तजयंतीच्या आधी गरुडेश्वरला जायचं होतं आणि गुडघ्यांमुळे साध्या मोटारीत तासभर बसणंही त्यांना जड जात होतं. म्हणून एका दिवसासाठी ही गाडी चालकासकट भाड्याने घेतली.

बापूंची गाडी आणि राजांचा डबा

प्रतापनगरहून अशी गाडी निघावी यात मला मोठं औचित्य वाटतं. चाकांवर कुटुंब घेऊन जाण्याचा इतिहास आमच्या दारातूनच जातो. १८६२ साली खंडेराव महाराज गायकवाडांनी डभोई आणि मियागामदरम्यान रेल्वे घातली. रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट. भारतातली ही पहिली नॅरोगेज आणि संस्थानिकाच्या मालकीची पहिली रेल्वे. सुरुवातीला डबे ओढायला बैल होते. वाफेचं इंजिन आणून पाहिलं, पण त्याचं वजन त्या हलक्या रुळांना पेलवेना. रूळ बदलावे लागले आणि इंजिनं नेमाने धावू लागायला १८८० उजाडलं. १८७९ मध्ये डभोईहून चांदोदपर्यंत लोहमार्ग पोचला आणि १८८० मध्ये डभोई बडोद्याच्या गोयागेटला जोडली गेली. गोयागेट म्हणजेच आजचं प्रतापनगर. पुढे डभोई हे नॅरोगेजचं आशियातलं सर्वात मोठं जंक्शन म्हणून ओळखलं गेलं.

आसपासचे लोक त्या गाडीला बापूगाडी म्हणत. आई नव्या नवरी असताना याच गाडीने चांदोदला गेल्या होत्या. मांडीवर दशम्यांचा डबा आणि खिडकीतून येणारी कोळशाची कणी, एवढं त्यांना अजून लख्ख आठवतं. आज तोच मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. १७ जानेवारी २०२१ पासून रेल्वे चांदोदच्या पुढे केवडियापर्यंत, म्हणजे आताच्या एकतानगरपर्यंत जाते आणि प्रतापनगरहून तिकडे थेट गाडी मिळते.

त्या काळी चाकांवरचं खरंखुरं घर मात्र राजांनाच परवडे. बडोद्याच्या महाराजांसाठी १८८६ मध्ये बी.बी. अँड सी.आय. रेल्वेच्या परळ कारखान्यात खास सलून डबा बांधला गेला. तो आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. गंमत अशी, की याच्या एकच वर्ष आधी, १८८५ मध्ये, इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरने केवळ हौसेच्या भटकंतीसाठी दोन घोड्यांची 'वॉन्डरर' ही गाडी ब्रिस्टॉलला बांधून घेतली होती. हौशी कॅरॅव्हॅनची सुरुवात तिच्यापासून मानतात. मोटारीवर बसवलेलं घर अमेरिकेत १९१० मध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने विकायला आणलं.

दिल्लीच्या त्याच संग्रहालयात सामान्य प्रवाशाचंही एक पत्र आहे. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या गृहस्थांनी ते साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला लिहिलं. अहमदपूर स्टेशनवर ते शौचासाठी उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. त्या धावपळीत चारचौघांत त्यांची फार अप्रतिष्ठा झाली. खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले ते या तक्रारीनंतर, असं सांगतात. महाराजांचा डबा आणि हे पत्र एकाच छताखाली असावं, हे मला फार बोलकं वाटतं. प्रवासातलं सुख कशाला म्हणायचं, ते त्या दिवशी आम्हाला आईंनी शिकवलं.

डभोईपर्यंत

निघण्याआधी दीर गाडीभर फिरले. "वहिनी, कपाटांच्या कड्या लागल्यात का बघा, नाहीतर वळणावर डबे अंगावर येतील." फ्रिजचं दार अडकवलं, गॅसची कळ बंद केली, ओट्यावरची सुरी खणात टाकली. पुतणी वरच्या बर्थवर चढून बसली होती, तिला खाली उतरवून पट्टा लावला. गाडी चालू असताना सगळ्यांनी खुर्च्यांवर पट्टे लावूनच बसायचं आणि बर्थ फक्त थांबल्यावर वापरायचे, हा पहिला नियम. चालत्या गाडीत स्वयंपाक नाही, हा दुसरा. पाण्याच्या टाकीत शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, त्यामुळे गाडी वळणावर झुकते आणि ब्रेक उशिरा लागतो. चालककाका पन्नासच्या पुढे काटा जाऊ देत नव्हते.

कपुराई चौकडी ओलांडली आणि शेतं सुरू झाली. तूर फुललेली, कपाशी वेचणीला आलेली. भिलापूर आलं तेव्हा यजमानांनी गाडी कडेला घ्यायला लावली. १ एप्रिल १७३१ रोजी याच परिसरात पहिले बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे समोरासमोर आले. पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने होते. त्र्यंबकराव रणात पडले. मराठ्यांनी मराठ्यांशी लढलेली ही लढाई डभोईची लढाई म्हणून इतिहासात आहे. पुतणीने विचारलं, "दोन्हीकडे आपलेच होते?" कुणाला पटकन उत्तर सुचेना.

डभोईला गाडी गावाबाहेर लावली आणि चौघं हिरा भागोळ पाहून आलो. तेराव्या शतकातल्या या दरवाजावरचं कोरीवकाम पाहायला अर्धा दिवसही अपुरा पडेल. गुजराती कवी दयाराम यांचं हे गाव. त्यांचा जन्म पुढच्या चांदोदचा, १७७७ मधला. परत आलो तर जाऊबाईंनी बर्थची बैठक करून मध्ये टेबल उघडलं होतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी, मेथीचे थेपले आणि ओट्यावर नुकताच उकळलेला आल्याचा चहा. बडोदेकरांच्या डब्यात पुऱ्या आणि थेपले शेजारी शेजारी असतात, त्यात आम्हाला नवल वाटत नाही.

तेवढ्यात आई म्हणाल्या, "मला पाणी दे गं, तांब्याभर." मी बघतच राहिले. कुठेही जायचं म्हटलं की आई आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करतात. प्रवासात घसा ओला करण्यापुरते दोन घोट. माझी आई तेच करायची, मीही करते. वाटेत स्वच्छ संडास मिळेल याची खात्री नसलेल्या देशात बायका अशाच प्रवास करतात. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, ते कुणाला सांगायचं नसतं. त्या दिवशी आई दुपारपर्यंत तीन तांबे पाणी प्यायल्या. गाडीतली सगळी सोय एका पारड्यात आणि त्या कोपऱ्यातलं दार दुसऱ्या पारड्यात घातलं, तर दाराचंच पारडं जड होईल.

चांदोदला पाणी संपतं

चांदोदला नर्मदेला ओरसंग मिळते, सरस्वती गुप्तपणे मिळते अशी श्रद्धा आहे. म्हणून हे त्रिवेणीचं तीर्थ. मल्हारराव घाटाच्या पायऱ्या आईंना झेपणाऱ्या नव्हत्या. त्या बर्थवर आडव्या झाल्या आणि मी जवळ थांबले. बाकीची मंडळी नावेतून संगमावर जाऊन आली, आईंसाठी लोटीभर नर्मदाजल आणलं. त्या चाळीस मिनिटं शांत झोपल्या. घरून निघाल्यापासून आपण कुणाला तरी अडवतोय हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उठल्यावर गेलेला होता.

इथेच आमचं गणित चुकलं. वाळूचे पाय धुता धुता पुतणीने नळ सोडून ठेवला आणि टाकीने तळ गाठला. अशा गाडीत तीन टाक्या असतात : एक स्वच्छ पाण्याची, एक ओट्यावरच्या आणि न्हाणीतल्या सांडपाण्याची, एक मैल्याची. पहिली रिकामी झाली की उरलेल्या दोन निरुपयोगी. अमेरिकेत तळावर नळ असतो, विजेची जोडणी असते आणि मैला उपसून घ्यायची सोय असते. आमच्या वाटेवर यातलं काही नव्हतं. गरुडेश्वरच्या रस्त्याला लागल्यावर एका शेतात बोअर चालू दिसला. यजमानांनी जाऊन विचारलं. त्या घरातल्या मुलाने पाइप ओढून आणला आणि वीस मिनिटांत टाकी भरून दिली. पैसे पुढे केले तर त्याची आजी ओसरीवरून म्हणाली, "पाणीना पैसा ना होय, बेन." आम्ही पुऱ्यांचा डबा देऊन निघालो.

गरुडेश्वर

कोकणातल्या माणगावचे वासुदेव टेंबे, म्हणजे वासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामी. जन्म १८५४ चा. सारा देश त्यांनी पायी पालथा घातला आणि १९१४ मध्ये नर्मदाकाठी याच गरुडेश्वरला समाधी घेतली. मराठी दत्तभक्तांना हे ठिकाण माहेरासारखं आहे. मागेच तिलकवाड्याच्या बाजूला चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमेला हजारो मराठी माणसं एका दिवसाची पायपीट करायला येतात. वाहन नाकारून चालत गेलेल्या संन्याशाच्या दारी आम्ही फ्रिज आणि पंखा असलेली गाडी घेऊन आलो होतो. मनात थोडा संकोच होता. आईंनी समाधीवर डोकं टेकलं, अर्धा तास बसल्या आणि उठताना म्हणाल्या, "दहा वर्षांनी आले गं." माझा संकोच तिथेच फिटला.

जेवण गाडीतच झालं. पुढे बारा-पंधरा किलोमीटरवर सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा आहे. त्याचे शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. पुतणीला तो पाहायचा होता, पण आईंचा चेहरा पाहून तिनेच सांगितलं, "पुढच्या वेळी." आम्ही पाच ठिकाणं ठरवून निघालो होतो, तीन झाली.

निघताना मैल्याच्या टाकीचा दिवा लाल झाला. शेजारी थांबलेल्या एका भल्या माणसाने सुचवलं, थोडं पुढे नाला आहे, सगळेच तिथे सोडतात. कुणी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, "तो नाला जातो कुठे? नर्मदामाईतच ना?" विषय संपला. संडासाला कुलूप लावलं आणि टाकी तशीच बडोद्याला आणून मालकाच्या आवारात रिकामी केली. परतीच्या वाटेवर आई पाणी प्यायल्या नाहीत.

रस्त्यावर काय हवं

केंद्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २००९ मध्ये आणलं, महाराष्ट्राने २०२१ मध्ये. दोन्हींत गाड्यांबरोबर त्यांच्या तळांचाही विचार आहे आणि तेच योग्य आहे. तळावाचून ही गाडी म्हणजे मोरी तुंबलेलं घर. आपल्याकडे वारीतल्या दिंड्या कित्येक वर्षं हेच करत आल्या आहेत. भांडीकुंडी आणि राहुट्या घेतलेला ट्रक पुढे जातो, मुक्कामाला पाण्याचा टँकर येतो, मग माणसं पोचतात. आधी सोय आणि मागून माणूस, हा क्रम वारकऱ्यांना पाठ आहे.

तुम्ही अशी गाडी घेणार असाल तर तीन गोष्टी आधी विचारा : पाणी कुठे भरणार, मैला कुठे रिकामा करणार आणि रात्र झाली तर कुठे उभे राहणार. स्वतःच्या गाडीचं घर करायचं असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे आरटीओची परवानगी लागते, ती घेतल्याशिवाय एक खिळाही ठोकू नका. दिवसाला तीनच ठिकाणं ठरवा. गाडीत एक पाट ठेवा.

आणि ज्यांच्या हाती रस्ते आहेत त्यांना माझं एवढंच मागणं आहे. चाकांवरचं घर थोड्यांनाच परवडेल. प्रतापनगर ते गरुडेश्वरसारख्या प्रत्येक तीर्थाच्या वाटेवर दर अर्ध्या तासाच्या अंतरावर एक स्वच्छ, पाणी असलेला, रात्रीही उघडा संडास बांधा आणि तो राखा. मग कुठलीही आई प्रवासात पोटभर पाणी पिऊ शकेल.